अंदमानचा स्वस्त बेत

नगरकडच्या माणसाला अंदमान आजवर दोनच निमित्तांनी ठाऊक होते. एक ‘माझी जन्मठेप’, आणि दुसरे मे महिन्याच्या उत्तरार्धात वर्तमानपत्रात येणारी ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही ओळ. पर्जन्यछायेतल्या आमच्या मुलखात ही ओळ त्या पुस्तकापेक्षा अधिक भक्तिभावाने वाचली जाते, हे मराठीचे अध्यापक असूनही आम्हांला कबूल केले पाहिजे. अलीकडे त्यात तिसऱ्या निमित्ताची भर पडली आहे : ‘पाच रात्री, सहा दिवस’.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे आणि घरातल्या आई असे तिघे तेथे जाणार आहोत. बेत आमचा आम्हीच आखला. कारण अगदीच गद्य होते. तयार सहलीचा तिघांचा आकडा ऐकून आम्ही काही काळ एकमेकांकडे नुसते पाहत राहिलो. पण कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर वेगळीच गोष्ट ध्यानात आली. विद्यार्थ्यांना ‘गाइड टाका, मूळ पुस्तक उघडा’ असे वीस वर्षे बजावणारे आम्ही प्रवासाच्या बाबतीत मात्र गाइडवरच भागवत आलो होतो. तयार सहल म्हणजे दुसऱ्याने केलेले वाचन. त्यात महत्त्वाचे प्रश्न अधोरेखित असतात आणि मधली पाने वाचावी लागत नाहीत.

मधली पाने उघडली ती नावांपासून. आमच्या शहराचे नाव २०२४ साली बदलले; त्याच वर्षी पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. हॅवलॉक बेट २०१८ च्या डिसेंबरातच स्वराज द्वीप आणि नील बेट शहीद द्वीप झाले होते. आता तिकीट काढताना दोन्ही टोकांना जुने-नवे नाव पडताळून पाहावे लागते, ही तक्रार आपल्या जागी. पण हॅवलॉक आणि नील हे कोण, याचा विचार आम्ही तरी कधी केला नव्हता. दोघेही १८५७ चा उठाव चिरडणारे सेनानी. आणि या बेटांवर १८५८ च्या मार्चमध्ये पहिली तुकडी आणली गेली ती त्या उठावातल्या बंदिवानांचीच.

येथे आम्हांला वरसईचे विष्णुभट गोडसे आठवले. ‘माझा प्रवास’ दर वर्षी वर्गात शिकवताना आम्ही सत्तावनची धामधूम रंगवून सांगतो. हा गृहस्थ निघाला होता तो घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला, हे मात्र भराभर उरकतो. वास्तविक मराठीतला काटकसरीचा सर्वांत मोठा प्रवासी तोच. खिशात पैसा नसल्याने ज्याच्या त्याच्या ओसरीवर उतरावे लागले, म्हणून तर त्याला इतकी माणसे दिसली. बंद गाडीतून गेला असता तर १९०७ साली छापण्यासारखे काही उरलेच नसते.

हॅवलॉकवरचा राधानगर किनारा सर्वांना छायाचित्रांतून ठाऊक आहे. ‘टाइम’ने २००४ साली त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवले, त्याचा दुसरा पत्ता ‘सात नंबरचा किनारा’. राहण्याची स्वस्त जागा शोधताना नकाशात गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, विजयनगर अशी गावे दिसू लागली. ही पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती. घर सुटलेल्या माणसांनी जंगलात देवांच्या नावाची नगरे वसवली, आणि त्यांपैकी एक जगाच्या नकाशावर गेले ते वाळूच्या रंगामुळे. अशाच एका घरातल्या दोन खोल्या आम्ही ठरवल्या आहेत. भाडे कमी, आणि ते घरमालकाच्याच हाती पडणारे.

येथवर काटकसर आणि विवेक यांचे छान जुळले होते. बिनसले ते बोटीवर.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी बोटी जातात आणि सरकारीही. सरकारी बोट पुष्कळच स्वस्त; बेटवासीयांना तर आणखी कमी दर. स्वस्त प्रवासाचे सल्ले देणारे सारे हीच बोट धरा म्हणून सांगतात. पण सरकारी बोट म्हणजे त्या बेटांची एस.टी. आहे. बाजारहाट, कचेरीची कामे, परीक्षा, आजारपण, सारे तिच्यावर. सेल्युलर जेलच्या मूळ सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत, आणि त्याच आवारात १९६३ पासून गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. ज्या वास्तूपुढे आपण डोळे पुसतो, तिच्या शेजारच्या इमारतीत हॅवलॉकचा रोगी याच बोटीने पोचतो. सुट्टीच्या दिवसांत त्याच्या बाकावर आम्ही बसायचे आणि घरी येऊन ‘किती स्वस्तात केले’ म्हणून सांगायचे, ही कल्पना आम्हांला पटेना. शिर्डीच्या यात्रेकरूंनी भरलेली एस.टी. थांब्यावर न थांबता निघून जाते, तेव्हा गावकरी काय म्हणतात ते आम्ही ऐकलेले आहे.

एक सहकारी म्हणाले, ‘‘तुमच्या तीन तिकिटांनी असे काय होणार?’’ तीन तिकिटांनी काही होत नाही, हे खरेच. परंतु स्वस्त बेताचा सल्ला तिघांपुरता राहत नसतो. जी बचत दुसऱ्याच्या गैरसोयीतून निघते तिला काटकसर म्हणू नये, असे आमचे मत आहे. जाता-येता खासगी बोट घ्यायची ठरवली, आणि ते पैसे भरून काढण्यासाठी पाण्याखालचे खेळ आणि नील बेट यांवर काट मारली. नील बेटाचे वाईट वाटते.

मोकळ्या झालेल्या दिवसापुढे आम्ही काहीच लिहिलेले नाही. तो जेलसाठी राखून ठेवला आहे. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, आणि आईंचे गुडघे जिन्याच्या प्रत्येक पायरीला विचार करणारे. गटाबरोबर तासाभरात त्या वर पोचल्या नसत्या.

राहता राहिले ऊन. नगर आणि पोर्ट ब्लेअर यांच्या रेखांशांत अठरा अंशांचा फरक, पण घड्याळ एकच. म्हणजे सूर्य तेथे आपल्यापेक्षा बहात्तर मिनिटे पुढे, आणि नोव्हेंबरात पाचच्या सुमारास मावळतो. किनाऱ्यावर चारनंतर पोचणाऱ्याला राधानगर दिसते ते अंधारायच्या बेताला. हे सारे आम्ही आईंना आकृती काढून समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग तिकडे साडेपाचलाच लख्ख उजाडत असेल. तुम्ही दोघं उठणार आहात का?’’