शिसपेन्सिलीवरील दोन अक्षरें

गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या एका विद्यार्थ्याच्या वहींत मीं तांबड्या शाईनें 'अक्षर अस्पष्ट. आळस' असा शेरा लिहिला. आकृत्यांवरील त्याचीं नांवें वाचावयास वही खिडकीपाशीं न्यावी लागे. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. तक्रार करावयास नव्हे. "गुरुजी, पोरगा जोर लावून लिहितो, कागद फाटतो, तरी उमटत नाहीं," एवढेंच ते म्हणाले.

पेन्सिल मागवून पाहिली, तों तिच्या टोंकाशीं '४ एच्' असें छापलेलें. थोरल्या भावानें आय.टी.आय.मध्यें नकाशे काढण्याचें शिक्षण घेतलें होतें. त्याच्या उरलेल्या पेन्सिली धाकटा वापरीत होता. घरची काटकसर योग्यच होती. आळस असलाच तर तो माझा. पेन्सिल न पाहतांच मीं मुलाचा स्वभाव ठरविला.

'शिसपेन्सिल' हें नांवच फसवें आहे. तिच्यांत शिसें मुळींच नसतें. सोळाव्या शतकांत इंग्लंडांतील बॉरोडेल येथें सांपडलेल्या काळ्या खनिजास लोक शिशाचा प्रकार समजले. तें कर्बाचें रूप असल्याचें शील ह्या रसायनशास्त्रज्ञानें १७७९ मध्यें दाखविलें. त्यासच आपण ग्राफाइट म्हणतों. पुढें फ्रान्स व इंग्लंड यांच्यांत युद्ध जुंपून फ्रान्सांत हें खनिज दुर्मिळ झालें, तेव्हां १७९५ मध्यें काँते नामक गृहस्थानें ग्राफाइटची पूड चिकणमातींत मळून, तिच्या कांड्या वळून भट्टींत भाजल्या. मूळ कृति आजही तीच आहे. माती अधिक घातली तर कांडी कठीण होते व रेघ बारीक, फिकट येते. ग्राफाइट अधिक घातलें तर कांडी मऊ व रेघ काळी. एच् हें अक्षर कठीणपणाचें, बी हें काळेपणाचें, आणि मागचा अंक त्या गुणाचें प्रमाण सांगतो. दोहोंच्या मध्यें एच्‌बी. एच्‌बी व एच् यांच्या मध्यें एफ्.

आमच्या मुलांचा येथें एक गमतीचा समज आहे. परीक्षेंत 'ब' श्रेणी म्हणजे कमी, तेव्हां बी पेन्सिलही कमी प्रतीची! वस्तुतः येथें वरची-खालची प्रत नाहींच. काम कोणतें, एवढाच प्रश्न आहे. कोनाचा दुभाजक काढतांना २ बी पेन्सिल कंपासास लावून पाहा. दोन कंस जेथें छेदावयाचे तेथें बिंदूऐवजीं डाग पडतो. उलट वस्तुचित्रांत गडव्याची सावली २ एच्‌नें काढणारा मुलगा कागदावर ओरखडेच ओढीत बसतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेंत वस्तुचित्र आणि कर्तव्यभूमिती हे दोन्ही विषय आहेत, आणि दोहोंस एकच पेन्सिल घेऊन बसणारीं मुलें मीं दर वर्षीं पाहतों.

त्यांत आपला गांव समुद्रकांठचा. आषाढांत मुरुडास वह्यांचा कागद दमट होऊन इतका नरम पडतो, कीं कठीण टोंक त्यावर उमटण्याऐवजीं रुततें. त्या मुलाचा कागद फाटत होता तो ह्यामुळेंच. पावसाच्या दिवसांत लेखनासाठीं एच्‌बी, फार तर बी. त्याहून कठीण नको.

आकाराविषयीं थोडें. नेहमींची पेन्सिल सुमारें सात इंच लांब व सात मिलिमीटर जाड असते, आणि आंतील कांडी सुमारें दोन मिलिमीटर. मऊ कांडी लवकर मोडते, म्हणून ती बहुधा अधिक जाड करितात. सुताराच्या कानावरची पेन्सिल चपटी असते ती घरंगळूं नये म्हणून. मात्र कोणतीही पेन्सिल बांकावरून पडली, कीं कांडी आंतल्या आंत मोडते, आणि मग मुलगा शार्पनरला दोष देतो.

कित्येक पालक म्हणतील, 'आमच्या वेळीं एकाच पेन्सिलीवर सर्व शिक्षण झालें.' खरें आहे. एच्‌बीवर पुष्कळ भागतें, आणि बारा पेन्सिलींचा महाग डबा आणावा असें मी मुळींच म्हणत नाहीं. तो डबा बहुतेक घरीं शोभेसाठींच राहतो. परंतु लेखनास एच्‌बी, भूमितीस २ एच् आणि चित्रकलेस २ बी, एवढ्या तीन तरी असाव्यात. एका कारखान्याचा एच्‌बी दुसऱ्याच्या एच्‌बीशीं तंतोतंत जुळेलच असें नाहीं. म्हणून दुकानांतच कागदावर दोन रेघा ओढून पाहाव्यात. 'अधिक काळी' अशा जाहिरातीवर भुलूं नये, कारण अधिक काळी पेन्सिल लवकर झिजते व तळहातानें पान काळें करते.

त्या विद्यार्थ्याच्या वहींतील माझा शेरा मीं खोडला आहे. तरी जून महिन्यांत पालकांस जी साहित्याची यादी आम्ही देतों, तींत अद्याप 'पेन्सिल, नग १' एवढेंच लिहिलेलें असतें. येत्या वर्षापासून तेथें हीं अक्षरें व अंक घालावे, अशी मुख्याध्यापकांस माझी विनंती आहे.