बॉडीवर किती, लेन्सवर किती?

हौशी छायाचित्रकार एकत्र जमले की हल्ली एक वाद हमखास रंगतो. खर्चाला दोन लाख रुपये असतील, तर फुलफ्रेम मिररलेस बॉडी घेऊन सोबतच्या किट लेन्सवर भागवावे, की एपीएस-सी बॉडी घेऊन उरलेले पैसे उत्तम लेन्समध्ये घालावेत? २००८मध्ये पॅनासॉनिकचा जी-वन आला तेव्हा मिररलेस म्हणजे हलका, दुय्यम कॅमेरा असेच अनेकांना वाटत होते. २०१३मध्ये सोनीचा ए-सेव्हन आला, २०१८मध्ये निकॉन आणि कॅनन यांनीही फुलफ्रेम मिररलेस आणले, आणि चित्र पालटले. आता दर्जाची चर्चा याच कॅमेऱ्यांभोवती फिरते. दोन्ही बाजूंकडे सबळ मुद्दे आहेत, म्हणून दोन्ही नीट ऐकून घ्यायला हवेत.

मोठ्या सेन्सरची बाजू आधी पाहू. फुलफ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, तर एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६चा. क्षेत्रफळात सव्वादोन पटींहून अधिक फरक. शटर स्पीड तोच आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवले, तर मोठा सेन्सर त्याच पटीत जास्त प्रकाश गोळा करतो, आणि जितका प्रकाश जास्त तितका नॉइज कमी. लग्नाचा मंडप, वारीतली पहाट, देवळातले कीर्तन अशा जागी आपल्याला प्रकाश वाढवता येत नाही. तिथे हा फायदा डोळ्यांना दिसतो.

पण या हिशेबात ‘अ‍ॅपर्चर तेच’ ही अट महत्त्वाची आहे. किट लेन्स बहुधा एफ/४च्या आसपास सुरू होते आणि झूम करत गेले की आणखी मंद होते. एपीएस-सी बॉडीवर एफ/१.४ची प्राइम लावली, तर तेवढ्याच चौकटीसाठी ती एफ/४वरच्या फुलफ्रेमपेक्षा एकूण सुमारे साडेतीन पट प्रकाश आत घेते. म्हणजे अंधारात जिंकण्यासाठी घेतलेला मोठा सेन्सर मंद लेन्समुळे अंधारातच हरतो. या युक्तिवादालाही मर्यादा आहे. एफ/१.४वर फोकसची खोली फार कमी असते. शिवाय प्राइमला झूम नाही, आणि गर्दीत मागेपुढे सरकायला दर वेळी जागा मिळत नाही.

लेन्सच्या बाजूने आणखी एक तांत्रिक कारण आहे. आरसा गेल्यामुळे लेन्सचा मागचा भाग सेन्सरच्या खूप जवळ आणता आला. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर होते, झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटर आहे, आणि माउंटचे तोंडही रुंद झाले आहे. त्यामुळे पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर कोपऱ्यापर्यंत सुस्पष्ट चित्र देणाऱ्या लेन्स बनवणे सोपे झाले. मात्र हेच स्वातंत्र्य काही स्वस्त, छोट्या लेन्समध्ये उलट दिशेने वापरले जाते. सरळ रेषा वाकल्या तरी चालतील, कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर त्या सरळ करील, असा विचार करून त्या बनवलेल्या असतात. चित्र ताणून सरळ केले की कोपऱ्यातला तपशील पातळ होतो. पोर्ट्रेटमध्ये ते कुणाच्या लक्षातही येत नाही, पण देवळाच्या शिखराचे नक्षीकाम किंवा ताऱ्यांचे आकाश टिपताना ते खटकते.

मेगापिक्सेलचेही तसेच. २४ मेगापिक्सेलची ६००० × ४००० ठिपक्यांची फाइल इंचाला ३०० ठिपके धरून २० × १३ इंचांची सुबक प्रिंट देते. ६१ मेगापिक्सेल ऐकायला अडीच पट वाटले, तरी प्रिंटची लांबी-रुंदी जेमतेम १.६ पट वाढते. भिगवणला दूरवर बसलेला पक्षी कापून जवळ आणायचा असेल, तर हे जास्तीचे ठिपके खरोखर कामाचे आहेत. पण इतके बारीक पिक्सेल हाताची बारीक थरथरही दाखवतात, आणि एफ/११च्या पुढे विवर्तनामुळे येणारा मऊपणाही.

कासच्या पठारावरचे एक उदाहरण घेऊ. ‘सीतेची आसवे’ हे जांभळे फूल बोटाच्या पेराहूनही लहान. वाट न सोडता, बाकीची फुले न तुडवता मॅक्रो लेन्स लावून बसले की पहिला मोह होतो तो एफ/१६चा, सगळे फूल फोकसमध्ये यावे म्हणून. पण तेवढ्याने शटर १/६०वर घसरतो, पठारावरचा वारा देठ हलवतो आणि फूल पुसट येते. त्यापेक्षा एफ/८, आयएसओ ८००, शटर १/५००, आणि वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत धीर. आयएसओ ८००चा नॉइज आजची कोणतीही बॉडी सहज पेलते. हललेले फूल मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरला पुन्हा स्थिर करता येत नाही. इथे बॉडीची किंमत गौण ठरते.

याउलट सिंधुदुर्गातल्या दशावताराच्या रात्री बॉडीचा वेग निर्णायक ठरू शकतो. नाटकात खटखट नको म्हणून सायलेंट शटर लावला, तर एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे काळे पट्टे उमटतात, कारण बऱ्याच सेन्सरना सगळ्या ओळी वाचायला सेकंदाचा दहावा-पंधरावा भाग लागतो. मेकॅनिकल शटर वापरून १/१०० किंवा १/५० ठेवला, तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर बहुतेकदा पट्टे टळतात. वेगवान स्टॅक्ड सेन्सर या कटकटीतून बरीच सुटका करतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. सोनीच्या ए-नाइन-थ्रीच्या ग्लोबल शटरने तर ओळींचा प्रश्नच संपवला, मात्र त्याचा मूळ आयएसओ २५०पासून सुरू होतो. भर उन्हातल्या निसर्गचित्रासाठी तो पहिली निवड ठरणार नाही.

काही गोष्टींना तर जवळपास खर्चच नाही. रॉ फाइल १४ बिटची असेल तर प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये २५६. व्ह्यूफाइंडरमध्ये झेब्रा पट्टे लावून ठेवले की पांढऱ्या धोतरातला तपशील कुठे जळतो आहे ते फोटो काढण्याआधीच कळते. आणि कोकणच्या पावसाळ्यात लेन्स कपाटात बंद ठेवली तर तिला बुरशी धरते. सगळ्यात महागडी लेन्सही मग धुरकट चित्र देते. ड्राय कॅबिनेट हाही दर्जावरचाच खर्च आहे.

माझा कौल असा : दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी लेन्स, मग बॉडी. बॉडीची किंमत भरभर उतरते, चांगली लेन्स दोन-तीन बॉडींना पुरते. मात्र पुढे फुलफ्रेमवर जाणे नक्की असेल, तर आजच फुलफ्रेमची लेन्स घ्यावी. एपीएस-सीची लेन्स फुलफ्रेम बॉडीवर लावली तर २४ मेगापिक्सेलचे दहाच उरतात. रात्रीचे समारंभ हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी मात्र वेगवान लेन्स हाती येताच मोठ्या सेन्सरसाठी पैसे साठवायला लागावे, त्यांच्या कामात तो वसूल होतो.

दुकानात जाण्यापूर्वी गेल्या वर्षीचे आपले नापसंत फोटो उघडून १०० टक्के मोठे करून पाहावेत. बहुतेक हललेले असतील तर ट्रायपॉड आणि शटर स्पीड, कोपरे मऊ असतील तर लेन्स, आणि सगळे जागच्या जागी असूनही सावल्यांत रवाळ नॉइजच भरला असेल तर सेन्सर. पैसे कुठे घालायचे हे ते फोटो कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे सांगतील.