गोडाचे मूळगाव

नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर धर्माबाद हे महाराष्ट्राच्या हद्दीतील शेवटचे महत्त्वाचे स्थानक. पुढचे बासर तेलंगणात लागते. धर्माबादची ख्याती लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी; मिठाई घ्यायला तेथे मुद्दाम कोणी उतरत नाही. तरीही कोणता गोड पदार्थ कोणत्या प्रांताचा, या अलीकडे हिरिरीने लढवल्या जाणाऱ्या वादाचा विचार करण्यास कोलकाता वा कटकपेक्षा हे सीमेवरचे गाव अधिक उपयोगी आहे.

वाद परिचित आहे. रसगुल्ल्याच्या जन्मस्थानावरून बंगाल आणि ओडिशा २०१५ पासून एकमेकांसमोर उभे राहिले. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालला भौगोलिक मानांकन मिळाले आणि जुलै २०१९ मध्ये ओडिशालाही मिळाले. दोन्हीकडे आनंद साजरा झाला. वस्तुतः नोंद झाली ती ‘बांग्लार रसोगोल्ला’ आणि ‘ओडिशा रसगोला’ या दोन वेगळ्या नावांची. रसगुल्ला मुळात कोणाचा, याचा निवाडा कोणीच केला नाही. पण विजयाच्या गुलालात एवढा बारकावा कोण पाहतो!

धर्माबादच्या परिसरात हा वाद उभा करावयाचा म्हटले तर वादी कोण आणि प्रतिवादी कोण हेच ठरणार नाही. मराठी घरातली पुरणपोळी तेलुगू घरात ‘भक्षालु’ किंवा ‘पोलेलु’ होते, आंध्राच्या किनारपट्टीकडे ‘बोब्बट्लु’ आणि कर्नाटकात ‘होळिगे’. आपली करंजी तेथे ‘गारिजलु’ होते. आपल्या अनारशांना ‘अरिसेलु’ हा सख्खा भाऊ आहे; फरक इतकाच की आपल्याकडे भिजवून कुटलेल्या तांदळाच्या पिठात गूळ वा साखर मिसळून ते मुरवतात व वर खसखस लावतात, तर पलीकडे गुळाच्या पाकात पीठ शिजवून वर तीळ लावतात. आपला गुढीपाडवा आणि तेलुगू भाषकांचा उगादी एकाच तिथीला येतात.

१९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी भाषेच्या तत्त्वावर झाली. ते तत्त्व योग्यच होते. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली. आदिलाबादकडील किनवट आणि राजुरा हे तालुके इकडे आले. पाटबंधारे, शाळा आणि दप्तरे यांची विभागणी करता आली, चुलीची करता आली नाही. पुढे २०१८ च्या सुमारास धर्माबाद तालुक्यातील काही गावांनी तेलंगणात जाण्याची मागणी केली तेव्हाही ती पलीकडे शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सवलतींसाठी होती. भाषेचा वा संस्कृतीचा अभिमान तीत फारसा नव्हता, आणि तो नव्हता म्हणून त्या गावांना दोष देण्याचे कारण नाही.

प्राचीनत्वालाच मालकीचा पुरावा मानायचे ठरले तर पंचाईत आणखी वाढते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सारण भरून भाजलेल्या ‘वेष्टिके’चे वर्णन आहे, तिला पुरणपोळीची पूर्वज मानले जाते. त्याच ग्रंथात दूध नासवून, त्याच्या चोथ्यात तांदळाचे पीठ मिसळून, गोळे तळून केलेल्या गोड पदार्थांचीही कृती आहे. हे कल्याणी म्हणजे लातूर जिल्ह्याच्या शेजारचे, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण. म्हणजे रसगुल्ल्याच्या वादात तिसरा दावेदार म्हणून त्यालाही उभे राहता येईल! उलट ज्या जिलबीशिवाय आपल्या लग्नाच्या पंगती सजत नाहीत तिचे नाव अरबी ‘झलाबिया’वरून आले आहे, आणि ज्या मिरचीने धर्माबादला नाव दिले ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आली. या दोघींना कोणी अधिवासाचा दाखला मागितलेला नाही.

पदार्थाचे मूळ राजाच्या मुदपाकखान्यात शोधण्यापेक्षा त्या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत शोधणे अधिक फलदायी होते. धाराशिव जिल्ह्यातील भूम-परंड्याचा खवा प्रसिद्ध झाला तो काही तेथील लोकांची जीभ विशेष रसिक होती म्हणून नव्हे. कोरडवाहू मुलूख, जोडधंदा म्हणून पाळलेली जनावरे आणि दूध नासण्याआधी शहरात पोचवण्याची सोय नाही, अशा स्थितीत दूध आटवणे हाच ते टिकवण्याचा उपाय होता. रस्त्यांच्या अभावातून एक उद्योग जन्माला आला. दुसऱ्या टोकाला नांदेडचा गुरुद्वारा आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी तेथे देह ठेवला. कणीक, तूप आणि साखर समभाग घेऊन केलेला कडाह प्रसाद तेथे जात, धर्म वा ऐपत न विचारता प्रत्येकाच्या ओंजळीत पडतो. हा शिरा पंजाबचा की मराठवाड्याचा, असे हात पुढे करणारा विचारीत नाही. ज्या समाजात सणाच्या पोळीचा तुकडा काहींना दाराबाहेर उभे राहून मागावा लागत असे, त्या समाजात या वाटपाचे मोल मोठे आहे.

गोडव्याचा खरा उगम मात्र उसाच्या फडात आणि कारखान्याच्या गव्हाणीत आहे. गोदावरीपलीकडे बोधनला १९३७ मध्ये निजाम शुगर फॅक्टरी स्थापन झाली. तेथल्या वसाहतीचे नावच शक्करनगर. आशियातील मोठ्या साखर कारखान्यांत गणला जाणारा हा सरकारी उद्योग २००२ मध्ये खासगी भागीदाराच्या हाती गेला आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्याला टाळे लागले. रसगुल्ल्याची भांडणे पहिल्या पानावर झळकत होती त्याच वर्षी ही बातमी आली. ती मात्र जिल्ह्यापलीकडे फारशी गेली नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा त्या साखरेच्या ‘मूळगावा’चा अभिमान कोणाला वाटला?

भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा, जो २००३ पासून अमलात आला, सर्वस्वी टाकाऊ आहे असे नाही. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि काष्टी कोथिंबीर यांना २०२४ मध्ये मानांकन मिळाले ते उचितच झाले. तेथे जमीन आणि पीक यांचा संबंध खरा आहे व लाभ शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोचण्याची निदान शक्यता आहे. पाककृतीचे तसे नाही. नाव नोंदवते एखादी संस्था. प्रत्यक्ष करणाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते, आणि घरी पोळ्या लाटून ऑर्डरी पुरवणारी बाई त्या कचेरीच्या पायऱ्या चढत नाही. तिरुपतीच्या लाडवाला २००९ मध्ये मिळालेल्या मानांकनाचा धनी तर एकटे देवस्थानच आहे.

२०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ दिला: १०० रुपयांत रवा, हरभराडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो व एक लिटर पामतेल. त्यात तेल बहुधा मलेशिया-इंडोनेशियाचे, तरी करंजी मराठीच झाली. केंद्राची सवलतीची साखर आता फक्त अंत्योदय कुटुंबापुरती, तीही महिन्याला एक किलो, उरली आहे. मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी पुरणपोळीच्या मानांकनाची निवेदने लिहिण्याऐवजी प्रत्येक शिधापत्रिकेवर सणाची डाळ, गूळ व साखर हक्काने मिळावी आणि पोळ्या-करंज्या करणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थांना खेळते भांडवल मिळावे, यासाठी तहसील कचेऱ्यांवर जावे. धर्माबाद आणि बासर या दोन्ही ठिकाणी हे एकाच दिवशी करता येण्यासारखे आहे.