शेणखताची गाडी आणि युरियाचं पोतं



उसाचा माणूस टोमॅटोवर काय लिहितो, असं कोणी म्हणेल. पण बेल्हे गटात फिरताना दिसतं ते असं, की आज ज्या रानात टोमॅटो बांधलाय, त्याच रानात पुढं ऊस यायचा आहे. टोमॅटोला घातलेल्या खताचं बरंवाईट उसालाच भोगावं लागतं. म्हणून बोलतो.

आपल्याकडं दोन टोकं झाली आहेत. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, आणि पुढं थोड्याच दिवसांत कोसळला. तेवढा भाव डोळ्यांत ठेवून एकजण युरिया वाढवत बसतो. दुसरा व्याख्यान ऐकून येतो आणि रासायनिक खत एकदम बंद करतो. मला दोघांचंही पटत नाही.

हिशेब करून पाहा. संकरित टोमॅटोला हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० स्फुरद, १५० पालाश अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी नत्र १२० किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र शेकडा अर्धा टक्का. एकरी १० टन टाकलं तर ५० किलो झालं खरं, पण पहिल्या हंगामात त्यातला तिसरा हिस्साच पिकाला मिळतो असं धरावं. राहिलेलं शंभरेक किलो कुठून आणणार? त्याला युरियाची ४५ किलोची पाच पोती लागतात. माती तपासून त्यात कमीजास्त करा, पण नुसत्या शेणखतावर भरघोस माल काढतो म्हणणाऱ्यानं आधी हा हिशेब मांडावा.

मग शेणखत कशाला? फळाच्या बुडाला काळा डाग पडतो, व्यापारी क्रेट बाजूला काढतो, आणि आपण औषधाच्या दुकानात पळतो. तो मुळात रोग नव्हेच. फळाला कॅल्शियम पोचत नाही. पाणी कधी तुंबलं, कधी तुटलं, वर युरियाचा मारा झाला, की हे ठरलेलं. सेंद्रिय खत खाल्लेली जमीन ओल एकसारखी धरते. सुपर फॉस्फेटही शेणखतात मिसळून द्यावं, आपल्या चुनखडीच्या रानात स्फुरद जागीच अडकून बसतो. युरिया मात्र एका दमात नको, हप्त्याहप्त्यानं द्यावा.

आता माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सभासदाला ताजी प्रेसमड सरीत टाकायला मीच सांगितलं. आठ दिवसांत लागण केली. प्रेसमड रानात तापली, मुळं करपली, जवळजवळ चौथा हिस्सा रोपं गेली. मी बांधावर गेलो तर त्यांनी आधी चहा दिला. मग एवढंच म्हणाले, "साहेब, तेवढी रोपं कुठं मिळतात का बघा." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. प्रेसमड सभासदाला कुजवूनच द्यावी, ताजी देऊच नये. दोनतीन महिने जागा अडेल, मजुरी लागेल, टनाला पैसे थोडे जास्त पडतील. ते द्यायची आपली तयारी आहे का, हे वार्षिक सभेत सभासदांनीच उठून बोलावं. जनावरं कमी झाली, शेणखताची ट्रॉली महाग झाली. मेंढ्या बसवायच्या तर धनगराला आधीपासून सांगून ठेवावं लागतं.

पाचट जाळू नका. पण टोमॅटो लावायच्या तोंडावर ते कच्चं गाडूही नका, कुजताना तेच नत्र ओढून घेतं. मातीचा नमुना लागणीच्या महिनाभर आधी गट ऑफिसला आणून द्या. पिशवीवर गट नंबर तेवढा लिहा, मागच्या वेळी सात पिशव्या कुणाच्या ते कळलंच नाही.