खेळाचा संगणक आणि खिशाची मर्यादा

परीक्षांचे निकाल हाती आले की मध्यमवर्गीय घरांतून एक मागणी अलीकडे हमखास पुढे येते. पूर्वी ती सायकलीची असे, पुढे मोटारसायकलीची झाली. आता ती खेळाच्या संगणकाची आहे. या मागणीला घरातून मिळणारी उत्तरे बहुधा दोनच. एक तर ‘अभ्यास सोडून हे काय खूळ?’ असे म्हणून ती फेटाळली जाते, किंवा मुलाच्या हट्टापुढे मान तुकवून वडील पतपेढीचे कर्ज काढतात आणि दुकानदार देईल ते यंत्र मुकाट्याने घरी आणतात. ही दोन्ही उत्तरे सारखीच अविचाराची आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खेळासाठी एवढा पैसा कशाला, हा आक्षेप प्रथम विचारात घेऊ. खेळाचा संगणक म्हणून जे यंत्र ओळखले जाते, त्यावर अभियांत्रिकीची रेखाटने होतात, चलचित्रांचे संकलन होते, प्रोग्रॅमिंग शिकता येते. खेळ हा त्याच्या अनेक उपयोगांपैकी एक. शिवाय सुटे भाग पारखून यंत्र जुळविणे हे स्वतःच एक शिक्षण आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर (अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, परंतु ते बोलण्यात फारसे कोणी वापरीत नाही) एके काळी हौशी विद्यार्थी रेडिओचे सुटे भाग शोधीत हिंडत. त्याच रस्त्यावर आज त्यांची नातवंडे प्रोसेसर आणि रॅम यांचे भाव विचारीत हिंडतात. ज्यांनी स्वतःच्या हातांनी ट्रान्झिस्टर जोडला, त्यांनी तरी नातवाच्या उद्योगाला खूळ म्हणू नये. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ ही बाब अर्थातच निराळी. त्यांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. त्या कायद्यानेही ई-स्पोर्ट्सना मात्र बंदीतून वेगळे काढले आहे.

यंत्र घ्यायचे ठरले, तर मोजक्या पैशांत काय घ्यावे, हा अवघड प्रश्न उरतो. त्याचा विचार पडद्यापासून सुरू करावा. सर्वसाधारण मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. ‘फोर-के’ म्हणून मिरविणाऱ्या पडद्यावर ते सुमारे ८३ लाख होतात. म्हणजे तेच चित्र रंगविण्यासाठी चौपट बिंदूंचे काम, आणि तेही दर सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहून अधिक. ज्याचा खिसा मर्यादित आहे त्याने पहिल्या प्रकारच्या पडद्यावर समाधान मानले, तर त्याचा निम्मा हिशेब तेथेच सुटतो. त्यानंतर विचारावयाचे ते हे की, मुलगा खेळणार काय? व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक यांसारखे स्पर्धेचे खेळ साध्या ग्राफिक्स कार्डावरही चालतात. त्यांत प्रोसेसरची चपळाई अधिक कामी येते. उलट २०२० साली आलेल्या ‘सायबरपंक २०७७’सारखा खेळ बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर टाकतो. हा प्रश्न घरात विचारलाच जात नाही. तो दुकानात दुकानदार विचारतो, आणि तोही ‘बजेट किती?’ या स्वरूपात.

मॉनिटर वगळून जी रक्कम उरेल तिचा निदान एकतृतीयांश, आणि जमल्यास दोनपंचमांश, भाग ग्राफिक्स कार्डासाठी राखावा. परंतु कार्ड घेताना नावावर भुलू नये. या बाजारात ‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ हा प्रकार राजरोस चालतो. २०१६ साली एनव्हिडिया कंपनीने ‘जीटीएक्स १०६०’ या एकाच नावाने सहा जीबी आणि तीन जीबी स्मृतीची कार्डे विकली. भेद केवळ स्मृतीचा नव्हता. तीन जीबीच्या कार्डात गणन करणारे घटकही कमी होते. २०१८ साली ‘जीटी १०३०’ या नावाखाली तर मूळ कार्डापेक्षा फारच मंद स्मृतीची आवृत्ती बाजारात आली. २०२५ सालच्या ‘आरटीएक्स ५०६० टीआय’मध्येही आठ आणि सोळा जीबी असे दोन प्रकार आहेत. अलीकडचे मोठे खेळ चित्राचा दर्जा वर नेला की आठ जीबी सहज भरून टाकतात. तेव्हा नावापुढचा हा आकडा वाचल्यावाचून पैसे मोजू नयेत.

प्रोसेसरच्या बाबतीत एवढा सावधपणा लागत नाही. सहा गाभ्यांचा मध्यम प्रोसेसर सामान्य खेळाडूला पुरेसा आहे. त्यापुढे मोजलेला प्रत्येक हजार रुपया ग्राफिक्स कार्डाच्या वाट्यातून जातो. मात्र मदरबोर्ड निवडताना पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा. एएमडीच्या ‘एएम-४’ बैठकीवर २०१७ सालच्या बोर्डात २०२२ साली निघालेले प्रोसेसर बसू शकले. इंटेलची २०२० सालची बैठक मात्र दोनच पिढ्या टिकली. आज नवे घेणाऱ्याला ‘एएम-५’ ही २०२२ साली आलेली बैठक दीर्घकाळ उपयोगी पडावी. परंतु तिच्यावर केवळ डीडीआर-५ रॅम चालते, आणि सध्याची मेख तेथेच आहे.

तिच्याकडे वळण्यापूर्वी पॉवर सप्लायविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण काटकसरीची कुऱ्हाड सर्वप्रथम त्याच्यावर पडते. माझ्या एका सहकाऱ्याने मुलासाठी तयार ‘गेमिंग’ संगणक घेतला. समोर काच, आत सप्तरंगी दिव्यांचे पंखे, पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत असा थाट. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण त्याला अक्षरशः लागू पडत होती. सात महिन्यांनी एका संध्याकाळी वीज गेली, आली, आणि यंत्र गप्प झाले. उघडून पाहिले तो आतला पॉवर सप्लाय कोण्या अनोळखी बनावटीचा. बाहेर ५०० वॅट लिहिलेले, वजनाला खेळण्यासारखा हलका. त्याने जाता जाता मदरबोर्डही सोबत नेला. पावतीवर ‘गेमिंग पीसी – १ नग’ एवढेच शब्द असल्याने कोणत्या भागाची हमी कोणाकडे मागावी, हेच ठरेना. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये विद्युत्‌दाब वाढला, प्रवाह वाढला वा शॉर्ट सर्किट झाले, तर यंत्र बंद पाडून उरलेले भाग वाचविण्याची सोय असते. ही सोय डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचे पैसे द्यावेसे वाटत नाहीत. तसेच ‘८० प्लस’ हे चिन्ह विजेचा अपव्यय किती कमी, एवढेच सांगते. संरक्षणाची ग्वाही त्यात नाही.

मोठ्या आकड्याचाही मोह नको. ‘आरटीएक्स ४०६०’सारख्या कार्डाची विजेची गरज कंपनीच्या सांगण्यानुसार ११५ वॅट, ‘रायझन ५ ५६००’ची ६५ वॅट. पंखे, डिस्क, बोर्ड हे सारे जमेस धरले तरी नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय अशा यंत्राला भरपूर होतो. साडेसातशेच्या नावाने मिळणाऱ्या स्वस्त डब्यापेक्षा तो शतपटीने बरा. कॅबिनेटही काचेचे न घेता पुढून जाळीचे घ्यावे. ज्या राज्यात नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथे यंत्राला वारा हवा, आरास नको.

आता रॅमविषयी. या लेखाचे निमित्तच ती आहे. २०२५ सालच्या अखेरच्या काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीहून अधिक वाढले. जगातील बहुतेक स्मृतिचिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या कारखान्यांतून निघतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या महाकाय केंद्रांना लागणारी स्मृती अधिक किफायतशीर ठरल्याने या कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने जवळजवळ तीस वर्षे चाललेला आपला ‘क्रुशल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. यापूर्वी २०२०-२१ मध्ये आभासी चलनाच्या खाणकामाने ग्राफिक्स कार्डे गिळंकृत केली होती. इथेरियम चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये ती पद्धत सोडली, तेव्हा कोठे सामान्य खेळाडूला श्वास घेता आला. दोन्ही वेळी बड्या भांडवलाची गरज आणि विद्यार्थ्याची हौस एकाच मांडवात आली, आणि पंगतीत कोणाला प्रथम वाढले गेले हे सांगावयास नको.

अशा वेळी शहाणपणाचा मार्ग पायरीपायरीने जाण्याचा आहे. घरी जुना डेस्कटॉप असेल आणि त्यात डीडीआर-४ रॅम असेल, तर ती भंगारात न घालता तिच्याभोवती ‘एएम-४’चे यंत्र उभारावे. नवी घ्यावी लागलीच तर आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. सोळाची एकच पट्टी लावली तर दोन मार्गांपैकी एक ओस पडतो. ग्राफिक्स कार्डाचे पैसे आज नसतील, तर ‘रायझन ५ ५६००जी’सारखा चित्रक्षमता अंगीच असलेला प्रोसेसर घेऊन हलके खेळ खेळता येतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ अक्षर असते, त्यांत मात्र ही सोय नसते. कार्डावाचून पडदा काळाच राहतो. वापरलेली कार्डे स्वस्त मिळतात, परंतु ती डोळ्यांदेखत तासभर चालवून दाखविल्याशिवाय घेऊ नयेत. (विंडोजच्या परवान्याची किंमत आपल्याकडच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसते. त्याचे कारण सर्वांस ठाऊक आहे.)

राहता राहिला दुकानदार. बिलावाचून घेतल्यास १८ टक्के वस्तू व सेवा कर वाचतो, हे आमिष नेहमीचे आहे. हमीचा पुरावाही त्याबरोबरच जातो, हे सांगितले जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत जाणून घेण्याचा अधिकार ग्राहकाला दिला आहे. मग तयार जुळविलेल्या संगणकाच्या पावतीवर प्रत्येक भागाची कंपनी, संपूर्ण मॉडेल क्रमांक आणि किंमत स्वतंत्रपणे छापण्याची सक्ती का असू नये? औषधाच्या पट्टीवर घटक छापलेले असतात, बिस्किटाच्या पुड्यावरही असतात. मग साठ-सत्तर हजारांच्या यंत्रावर ‘१ नग’ एवढेच का? ग्राहक व्यवहार खात्याने यात लक्ष घालावे. आणि खाते लक्ष घालील तेव्हा घालो. तोवर ग्राहकाने अशी पावती हाती पडल्यावाचून पैसे देऊ नयेत.

त्या सहकाऱ्याच्या मुलाने नंतर उन्हाळी सुटीत शिकवण्या घेऊन पैसे साठविले आणि स्वतःच दुसरे यंत्र जुळविले. दिवे नाहीत, काच नाही. पावतीवर सात ओळी आहेत आणि ती पावती वडिलांनी विम्याच्या कागदांत ठेवली आहे. ग्राफिक्स कार्डाची जागा अद्याप रिकामी आहे. तूर्त तो व्हॅलोरंट खेळतो.