कचऱ्याचाही हिशेब हवा!

महिन्याला तेल किती, तूरडाळ किती, हे आपण यादी न बघता सांगतो. पण मैत्रिणींनो, तुमच्या घरातून वर्षाला कचरा किती निघतो, असं कुणी विचारलं तर? आपण एकमेकींच्या तोंडाकडेच बघू! खरं तर साऱ्या देशाच्या कचऱ्याचा अंदाज बांधतात, तेही आपल्या वाणसामानाच्या हिशेबासारखंच. माणसं किती, दर माणशी रोजचं किती, गुणिले तीनशे पासष्ट. झालं!

2014 साली नियोजन आयोगाच्या कृती गटाने असाच हिशेब मांडला. शहरांत 37 कोटी 70 लाख माणसं, दर माणशी रोजचा 450 ग्रॅम कचरा, म्हणजे वर्षाला 6 कोटी 20 लाख टन. 2031 साली हा आकडा 16 कोटी 50 लाखांवर आणि 2050 साली 43 कोटी 60 लाखांवर जाईल, असं भाकीत त्यात होतं. सातपट!

आता शहरातली माणसं काही सातपट होणार नाहीत. मग? चढतो तो 'दर माणशी'चा आकडा. हातात पैसा खेळू लागला की पुडीतल्या सुट्या पोह्यांऐवजी प्लास्टिकची पाकिटं येतात, बाळाच्या लंगोटांची जागा डायपर घेतात, मोडलेली छत्री दुरुस्तीला न जाता केराच्या डब्यात जाते. जागतिक बँकेच्या 2018 च्या अहवालात जगाची सरासरी माणशी रोज 740 ग्रॅम दिली आहे. पण कुठे 110 ग्रॅम, तर कुठे साडेचार किलो!

आणि इथेच ग्यानबाची मेख आहे. 2020-21 साली राज्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवलेला कचरा होता दिवसाला सुमारे 1 लाख 60 हजार टन. वर्षाचा धरला तर 6 कोटी टनांच्याही आत, म्हणजे 2014 च्या हिशेबापेक्षा कमी. आपण काटकसरी झालो म्हणायचं? छे! रद्दीवाल्याने नेलेलं, कचरावेचक बायांनी उचललेलं, कोपऱ्यावर जाळलेलं, नाल्यात लोटलेलं या हिशेबात येतच नाही. कित्येक ठिकाणी तर काटाच नाही, गाडीच्या खेपा मोजून आकडा लिहितात.

अंदाज चुकला की गाड्या अपुऱ्या पडतात, जागा पुरत नाही आणि जुन्याच ढिगावर नवे थर चढतात. मुंबईचं देवनार 1927 पासूनचं. तिथे जानेवारी 2016 मध्ये आग लागली, तेव्हा धुराने आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती.

तेव्हा घरचा आकडा तरी खरा काढू या. एक ताणकाटा आणा. ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत घालून आठवडाभर रोज रात्री तोला. रद्दीचं वजनही मांडा, पण वेगळ्या रकान्यात. चौघांच्या घरात आठवड्याला साडेबारा किलो भरलं, तर माणशी रोजचे साडेचारशे ग्रॅम झाले. पण सरकारी साडेचारशेत दुकानं, हॉटेलं, मंडई सगळं आलं बरं का. तेव्हा नुसत्या घराचा आकडा त्याहून बराच कमी यायला हवा.

आठवडा मात्र साधा निवडा, सणाचा नको. आंब्याचे दिवस तर मुळीच नकोत. कोयी-सालींनी काटा फसतो! ते दिवस वेगळे तोला आणि वर्षाच्या बेरजेत मागाहून मिळवा.