टँकर एकच, मेसेज दोन! क्लाउडचा 'कोल्ड स्टार्ट' आणि गो-रस्टचा खरा फायदा

ॲपमधलं बटण दाबलं आणि सेकंदभर काहीच झालं नाही, की आपण काय करतो? परत दाबतो. आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या सोसायटीत याच सवयीमुळे टँकरच्या हिशेबाचा घोळ झाला. पाण्याचा टँकर आला की वॉचमनकाकांनी फोनवर एक बटण दाबायचं आणि सगळ्या मेंबरांना मेसेज जायचा, अशी छोटी सोय मी करून दिली होती. पहिल्या टॅपला उत्तर उशिरा यायचं, काका पुन्हा दाबायचे आणि नोंद व्हायची दोन टँकरची. महिन्याअखेरीस सेक्रेटरींची वही आणि माझी यादी जुळेना.

चूक काकांची नव्हती, माझी होती. आणि या उशिराला आता पैशांचा हिशेबही जोडला गेलाय.

सर्व्हर असतो, पण झोपलेला

सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नसतो असं नाही. तो आपण चोवीस तास भाड्याने घेत नाही, एवढंच. आपला प्रोग्राम क्लाउडवर ठेवायचा, कोणी बोलावलं की तो चालणार, तेवढ्याच वेळेचं बिल येणार. ॲमेझॉनने 2014 मध्ये लॅम्डा आणल्यापासून ही पद्धत रुळली.

पण बराच वेळ कोणी बोलावलं नाही, तर प्रोग्राम बंद होतो. पुढच्या हाकेला नवी जागा तयार करा, कोड आणा, भाषेचा रनटाइम सुरू करा, लायब्ररी लोड करा, आणि मग कामाला लागा. हाच कोल्ड स्टार्ट. ॲमेझॉनच्या म्हणण्यानुसार यातला तयारीचा वेळ 100 मिलिसेकंदांपेक्षा कमी ते एका सेकंदापेक्षा जास्त, इतका वेगवेगळा असू शकतो.

1 ऑगस्ट 2025 पासून काय बदललं?

पायथन, नोड यांसारखे ॲमेझॉनने तयार दिलेले रनटाइम वापरून झिप फाइल चढवली, तर तयारीचा वेळ आधी बिलात धरला जात नव्हता. 1 ऑगस्ट 2025 पासून तो धरला जातो.

यातली गंमत बघा. गो आणि रस्टवाले हे पैसे आधीपासूनच भरत होते. गोचा तयार रनटाइम जुन्या ॲमेझॉन लिनक्सवर होता. 2023 च्या शेवटी त्या लिनक्सचा सपोर्ट संपला आणि गोवाल्यांना 'कस्टम' रनटाइमवर जावं लागलं. तिथे तयारीच्या वेळेचे पैसे पडायचेच. आता सगळे एका रांगेत आले, आणि जो लवकर उठतो त्याचा फायदा दिसू लागला.

गो किंवा रस्टचा प्रोग्राम लवकर उठतो, कारण तो आधीच मशीनच्या भाषेत कंपाइल झालेला असतो. तिथे इंटरप्रिटर सुरू करायचा नाही, शेकडो फाइल वाचायच्या नाहीत. एक फाइल उचलायची आणि चालवायची.

चढवताना लोक कुठे अडकतात

फाइल एकच असली तरी ती नेमकी लागते. माझी पहिली तीन चढवणी याच कारणांनी पडली:

- प्रोसेसर: फंक्शन आर्मवर ठेवलंय आणि फाइल इंटेलसाठी बनवली, तर ती सुरूच होणार नाही. आर्मवर चालण्याच्या वेळेचा दर साधारण 20 टक्के कमी आहे, त्यामुळे शक्य असेल तर तोच निवडा.
- नाव: फाइलचं नाव 'बूटस्ट्रॅप' असंच हवं, इंग्रजीत आणि सगळी अक्षरं लहान. ती झिपमध्ये सर्वांत वर ठेवा, फोल्डरच्या आत नको. चालवण्याची परवानगीही द्या.
- जी-लिबसी: उबुंटू 22.04 मध्ये या सिस्टिम लायब्ररीची 2.35 आवृत्ती आहे, ॲमेझॉन लिनक्स 2023 मध्ये 2.34. म्हणून लॅपटॉपवर धावणारी फाइल क्लाउडवर आपटू शकते. उपाय सोपा आहे. गोमध्ये सी-गो बंद करा, रस्टमध्ये मसल टार्गेट वापरा. मग सगळं एकाच फाइलमध्ये सामावतं.

मग सगळं गोमध्ये लिहायचं का?

घाई नको. ॲमेझॉन म्हणतं, कोल्ड स्टार्ट साधारण एक टक्क्याहून कमी वेळा होतो. मोठ्या, सतत वापरात असलेल्या ॲपसाठी ते बरोबर आहे. पण आमचा टँकर दिवसातून एक-दोनदा येतो. म्हणजे जवळपास प्रत्येक टॅप कोल्डच. सरासरी आपल्याला लागू पडते का, हे आधी तपासा.

बिलाची भीती मात्र छोट्या प्रोजेक्टला नाही. लॅम्डात दर महिन्याला 10 लाख हाका आणि 4 लाख जीबी-सेकंद फुकट आहेत. 128 एमबीच्या फंक्शनला ते 32 लाख सेकंद पुरतात. पैशांचा फटका बसतो तो अचानक गर्दी होणाऱ्या सेवांना. दहावीच्या निकालाला दुपारी एक वाजता होते तशी झुंबड डोळ्यांसमोर आणा. नेहमीच्या लॅम्डात एक जागा एका वेळी एकच हाक घेते, म्हणून गर्दी वाढली की हजारो नव्या जागा एकदम उठवाव्या लागतात. तिथे प्रत्येक मिलिसेकंद मोजला जातो.

भाषा बदलण्याआधी रीजन बघा. ट्युटोरियलमध्ये बहुतेक वेळा अमेरिकेतलं व्हर्जिनिया निवडलेलं असतं. वसईहून तिथे जाऊन यायलाच साधारण 200 मिलिसेकंद जातात. मुंबई रीजन 2016 पासून सुरू आहे. तो निवडायला एक ओळही नव्याने लिहावी लागत नाही.

आमचं फंक्शन मी गोमध्ये लिहून मुंबईत हलवलं आणि उत्तर झटकन येऊ लागलं. पण हिशेब खरा जुळला तो दुसऱ्याच बदलाने. दहा मिनिटांत तेच बटण परत दाबलं, तर आता नवी नोंद होत नाही. वेगामुळे काकांचा वैताग गेला, पण चुकीच्या नोंदी या नियमाने थांबल्या. नेटवर्क कधीतरी अडखळणारच आणि माणूस दुसऱ्यांदा बटण दाबणारच. प्रोग्राम कुठल्याही भाषेत लिहा, हे धरूनच लिहा.